कोपऱ्यावरच्यांचं अप्रेजल

"काकू, तुमचा दुधी आमच्या बाजूला लोंबतोय. काढून देऊ का?"

"ठेव गं तुलाच. वेल माझा, पण कुंपण ओलांडलं की दुधी तुझा. आणि ते राहू दे, कोपऱ्यावरच्यांचं कळलं का तुला?"

"घर विकतायत म्हणे."

"विकतायत कसले! रिफायनान्स करतायत. २०२३च्या ऑक्टोबरात घेतलं ना त्यांनी घर? नेमका तेव्हाच तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर ७.७९ टक्क्यांवर चढला होता. पावणेतीन वर्षं आधी, २०२१च्या जानेवारीत, तोच दर २.६५ होता. तेव्हा ज्यांनी कर्ज घेतलं ते आज आपल्या एडिसनभर मिशांना पीळ देत हिंडतात, आणि हा बिचारा रोज सकाळी चहाबरोबर दर बघतो. आता जरा उतरले, म्हणून धावला. त्यात डाउन पेमेंट दहाच टक्के भरलेलं, त्यामुळे पीएमआयचा, म्हणजे कर्जावरच्या विम्याचा, भुर्दंड आहेच दर महिन्याला. कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो सुटतो. उरलंय कर्ज ५ लाख ६० हजार. घराचे ७ लाख २० हजार कुठे गेले नाहीत, असा याचा हिशेब. किंमत ठरवायला बँकेचा अप्रेझर आला, पाऊण तास फिरला, आणि लिहिले किती? ६ लाख ६५ हजार!"

"अगं बाई! म्हणजे पीएमआय मानगुटीवर तसाच."

"तसाच. किमतीच्या ८४ टक्के झालं ना कर्ज. असा भडकला! लोन ऑफिसरला फोन करून म्हणे, झिलोच्या वेबसाइटवर ७ लाख ४० हजार दाखवतंय, त्या माणसाचा नंबर द्या, मीच बोलतो त्याच्याशी. लोन ऑफिसर म्हणाला, नंबर मिळणार नाही. आता त्याचंही खरंच आहे. २००८च्या आधी काय चालायचं? कर्ज देणारेच अप्रेझरला आकडा सुचवायचे, आणि पुढचं काम हवं म्हणून तोही तेवढा लिहायचा. सगळं कोसळल्यावर २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने असल्या दबावाला बंदी घातली. पण गंमत बघ, पैसे आपण भरायचे आणि माणूस बँकेचा! मला हे आजतागायत पटलेलं नाही."

"आणि त्याची बायको काय म्हणते?"

"तिचं वेगळंच. म्हणते, दारावरचं तोरण काढायला हवं होतं. गणपतीचे दिवस, आरास मांडलेली, घरभर उदबत्तीचा वास. अप्रेझरने ते बघितलं आणि मनातल्या मनात किंमत कमी केली."

"असेल का हो तसं?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. कॅलिफोर्नियात मरीन सिटीला एका काळ्या जोडप्याच्या घराची किंमत ९ लाख ९५ हजार लावली होती. मग त्यांनी घरातले स्वतःचे फोटो उतरवले, एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून बसवलं, आणि दुसऱ्या अप्रेझरने लिहिले १४ लाख ८२ हजार ५००. घर तेच, भिंती त्याच. कोर्टात गेलं, मग तडजोड झाली. म्हणून भेदभावाची शंका असेल तर तीही लेखी मांडता येते, बँकेने ती बघायची असते. पण मी तिला म्हटलं, बाई, आधी रिपोर्ट तर वाच. तोरणाचं मग बघू."

"रिपोर्ट देतात आपल्याला?"

"देतात म्हणजे? द्यावाच लागतो. २०१४पासूनचा नियम आहे, न मागता प्रत यायला हवी, क्लोजिंगच्या निदान तीन कामाचे दिवस आधी. याला ईमेलने केव्हाच आलेली होती. याने शेवटचा आकडा बघितला आणि बंद केली! मीच प्रिंट काढायला लावली. माझ्या डायनिंग टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि पहिल्या रकान्यापासून निघाले. बाथरूमपाशीच अडकले. घरात अडीच, रिपोर्टमध्ये दीड! किचन मागच्या वर्षी फोडून नवं केलं, इकडे लिहिलंय, गेल्या पंधरा वर्षांत काही बदल नाही. पुढे कॉम्प्स. तीन विकलेली घरं घेतली होती तुलनेला. त्यातलं एक एडिसन हायस्कूलच्या हद्दीतलं, आणि यांचं घर जे. पी. स्टीव्हन्सच्या. भावात किती फरक पडतो ते ओक ट्री रोडवरचा भाजीवालासुद्धा सांगेल. बरं, ते घर केप, यांचं बाय-लेव्हल."

"मग सगळी चूक त्याचीच की!"

"सगळी नाही. आमच्या शहाण्याचा सगळ्यात मोठा राग होता खालच्या मजल्यावर. सहाशे स्क्वेअर फूट, फॅमिली रूम, कार्पेट, सगळं आहे, आणि मोजलंच नाही म्हणतो. अरे, बाय-लेव्हलचा तो मजला अर्धा जमिनीत! थोडा जरी भाग जमिनीखाली गेला तरी अख्खा मजला खालचा धरतात, वरच्या क्षेत्रफळात मिळवत नाहीत. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मेने एप्रिल २०२२पासून मोजणीची ती पद्धत सक्तीची केलीय. किंमत धरतात त्याची, पण वेगळ्या ओळीत आणि कमी दराने. अप्रेझरचं तिथे शंभर टक्के बरोबर होतं. मी म्हटलं, हा मुद्दा काढून टाक, नाहीतर यामुळे बाकीचे खरे मुद्देही कोणी वाचणार नाही. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी."

"मग पुढे काय केलं?"

"रीकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू, म्हणजे किमतीचा फेरविचार, मागितला. फॅनी मे, फ्रेडी मॅकच्या कर्जांना २०२४च्या ऑगस्टअखेरीपासून बँकांना त्याची रीतसर सोय ठेवावीच लागते. अर्ज बँकेकडे, क्लोजिंगच्या आधी, आणि एका अप्रेजलवर एकदाच. जास्तीत जास्त पाच विक्र्या सुचवता येतात. याने पाच शोधल्या होत्या, त्यातल्या दोन नुसत्या महाग होत्या म्हणून! त्या मी खोडल्या. तीन ठेवल्या. तिन्ही बाय-लेव्हल, त्याच शाळेच्या हद्दीतल्या, अप्रेझर यायच्या आधी क्लोज झालेल्या. ओळखीच्या रिएल्टरकडून एमएलएसचे कागद घेतले. बाथरूमचे फोटो, किचनचं टाउनशिपचं परमिट, कंत्राटदाराचं बिल. पत्र एक पान. त्याच्या मसुद्यात 'अन्याय' चार वेळा होता, झिलो दोन वेळा. सगळं कापलं."

"आणि आकडा?"

"परवा आला. ६ लाख ९० हजार."

"सात वीस नाहीच का?"

"कुठून येणार? मुळात तेवढी किंमत नव्हतीच त्या घराची, माझं ऐकशील तर. ६ लाख ९०च्या ८० टक्के म्हणजे ५ लाख ५२ हजार. आठ हजार पदरचे घालतोय, पीएमआय गेला. बायकोने मात्र तोरण अजून खाली उतरवून ठेवलंय, क्लोजिंग होईपर्यंत. ठेव म्हटलं."

"चला, सुटले बिचारे."

"बिचारे! अगं, मार्चमध्ये हाच गडी काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे अर्ज घेऊन गेला होता, १ एप्रिलच्या मुदतीच्या आत. घराची किंमत इतकी नाहीच हो, प्रॉपर्टी टॅक्स कमी करा! तेव्हा कॉम्प्स शोधले होते ते सगळ्यात स्वस्त. न्यू जर्सीत राहायचं म्हणजे वसंतात घर पडकं आणि शरदात राजवाडा. बरं, तुमच्याकडे कधी येतोय अप्रेझर?"

"गुरुवारी."

"मग बुधवारी रात्रीच एक कागद टाइप करून ठेव. छप्पर कधी घातलं, किचन कधी, फर्नेस कधी, परमिट नंबर, आणि आसपास विकली गेलेली तीन-चार घरं. आल्या आल्या हातात दे, त्याला चालतं ते. एवढी किंमत लावा म्हणून मात्र नवऱ्याला तोंड उघडू देऊ नकोस. आणि खालच्या बाथरूमचं परमिट टाउनशिपने क्लोज केलंय का, ते उद्या फोन करून विचार. नसेल तर गुरुवारच्या आत करून घे."