तासिका तत्त्वावरील अर्जाचा मायना : तत्त्व आणि तंत्र

मायना म्हणजे पत्राच्या आरंभी, ज्याला पत्र लिहायचे त्याचे पद, योग्यता आणि लिहिणाऱ्याशी असलेले नाते ध्यानात घेऊन योजलेले संबोधन होय. पेशवेकालीन पत्रांतील 'राजमान्य राजेश्री' हा मायना पुढे 'रा. रा.' इतका आखडला, आणि आज त्याची जागा 'मा.' या एकाक्षरी उपाधीने घेतलेली असून, नोकरीच्या अर्जात ती कोणासाठी आणि किती वेळा योजावी, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो. प्रस्तुत विवेचन वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनावर, अध्यापन करू इच्छिणाऱ्या उमेदवारापुरते मर्यादित आहे. ही नेमणूक शैक्षणिक वर्षाबरोबर संपत असल्यामुळे तोच उमेदवार त्याच महाविद्यालयात त्याच पदासाठी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो, आणि म्हणून मायन्याचा सराव या वर्गाइतका अन्य कोणालाही नसतो.

पहिला प्रश्न 'प्रति' या शब्दाखाली काय लिहावे हा होय. महाविद्यालय प्राचार्य चालवतात, परंतु ते शिक्षण संस्थेच्या मालकीचे असते आणि संस्थेला अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव असे अनेक पदाधिकारी असतात. त्यामुळे जाहिरातीत ज्या पदाचा उल्लेख असेल तेच पद लिहावे, व्यक्तीचे नाव मात्र कटाक्षाने टाळावे. यामागे सौजन्यापेक्षा कायद्याचे कारण अधिक आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेसंबंधीच्या 1950 च्या अधिनियमातील कलम 22 नुसार विश्वस्त मंडळात झालेला बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो, व या कळवण्याला संस्थाचालकांच्या बोलीत 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. ज्या संस्थेत दोन गटांनी परस्परविरोधी चेंज रिपोर्ट दाखल केलेले असतील, तेथे अध्यक्ष कोण हे निकाल लागेपर्यंत कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी 'मा. अध्यक्ष' एवढेच लिहिलेला अर्ज दोन्ही गट आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून स्वीकारतात.

दुसरा प्रश्न उपाधींचा. 'मा.' पदाच्या आधी येते आणि 'साहेब' पदाच्या नंतर. व्याकरणदृष्ट्या यांपैकी एक पुरेसे असले, तरी ज्या विषयाचा कार्यभार, म्हणजे आठवड्याच्या तासांची संख्या, यंदा घटण्याची चिन्हे आहेत, त्या विषयाच्या उमेदवाराने दोन्ही वापरावीत. संस्थापकांचा उल्लेख आल्यास 'शिक्षणमहर्षी' लिहावे. ही पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही, तथापि ती वगळल्याची नोंद तत्काळ घेतली जाते. अध्यक्ष माजी आमदार असल्यास विशेष दक्षता घ्यावी, कारण 'मा.' हे 'माननीय' आणि 'माजी' या दोहोंचेही संक्षिप्त रूप असल्यामुळे आदराने लिहिलेले अक्षर पराभवाची आठवण म्हणून वाचले जाण्याचा धोका संभवतो.

'महोदय' या संबोधनाविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे, की महाविद्यालयासमोरील झेरॉक्सच्या दुकानात जो मसुदा तयार मिळतो त्यात 'महोदय / महोदया' असे दोन्ही पर्याय असतात, आणि त्यांतील एक खोडण्यास बहुतेक उमेदवार विसरतात. याच मसुद्यात 'विषय' या शीर्षकापुढील वाक्य '…करण्याबाबत' या शब्दाने संपते, हेही जपावे. अर्ज कशाबद्दल आहे हे त्यातून कळलेच पाहिजे असे नाही. 'बाबत' मात्र असलेच पाहिजे. विषयाच्या ओळीत मागील उमेदवाराचे शैक्षणिक वर्ष तसेच राहिलेले नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

अखेरीस 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' लिहून स्वाक्षरी करावी आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी द्यावी. तीत नेटचे, किंवा महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठामार्फत घेतल्या जाणाऱ्या सेट परीक्षेचे प्रमाणपत्र असते. यानंतर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का, म्हणजेच पोच, घ्यावी. येथे एक विसंगती अभ्यासकाच्या नजरेस येते: 'प्रति' पासून 'विश्वासू' पर्यंतचा मजकूर ज्याच्या नजरेखालून निश्चितपणे जातो तो आवक-जावक लिपिक हा एकमेव मनुष्य असून, त्याच्यासाठी कोणताही मायना ठरलेला नाही, त्याला 'भाऊ, जरा शिक्का मारता का' असे तोंडी म्हटले जाते आणि काम होते.

या निरीक्षणांवरून एक सामान्य नियम मांडता येतो: मायन्याची लांबी ही नोकरीच्या शाश्वतीच्या व्यस्त प्रमाणात असते. कायम प्राध्यापक रजेच्या अर्जावर 'महोदय' एवढेच लिहितो आणि पुष्कळदा रजेवरून परतल्यावर लिहितो. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक मात्र त्याच प्राचार्यांना, ज्यांच्या समवेत त्याने मार्चपर्यंत रोज चहा घेतलेला असतो, जूनमध्ये प्रथमच परिचय करून घेत असल्याप्रमाणे सविनय सादर होतो. सबब, उमेदवाराने मसुद्याची प्रत जपून ठेवावी, दरवर्षी तारीख, जाहिरातीचा संदर्भ आणि अनुभवाची वर्षे तेवढी बदलावीत, आणि मायन्याला हात लावू नये. संपूर्ण अर्जात कायम स्वरूपाची गोष्ट तेवढीच असते.