दहा मिनिटांचे बल्लवाचार्य

संध्याकाळी संभाजीनगरच्या क्रांती चौकात कंपन्यांच्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागल्या की उतरणाऱ्यांत आमचे बल्लवाचार्य हमखास असतात. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात काढायचं राहून गेलेलं ओळखपत्र. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात ते प्रॉडक्शनला किंवा क्वालिटीला असतात. घर उस्मानपुऱ्यात, समर्थनगरात नाहीतर ज्योतीनगरात. हे कुणा एकाचं वर्णन नव्हे, असे गृहस्थ गल्लोगल्ली आहेत. आठवडाभर ते स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जातात. सुट्टीच्या संध्याकाळी मात्र बाह्या सरसावून जाहीर करतात, “आज कुणी काही करायचं नाही. मी फ्राइड राइस करतो. दहा मिनिटांत!” या घोषणेतल्या फ्राइड राइसबद्दल आमची तक्रार नाही. तो बरा होतो, एखाद्या वेळी चांगलाही होतो. तक्रार आहे ती दहा मिनिटांबद्दल. हा आकडा साफ खोटा आहे, आणि तो खोटा ठरवायला बाहेरचा पंच बोलवावा लागत नाही. बल्लवाचार्यांच्याच कारखान्यातला हिशेब पुरतो.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. तो येतो गाडीवरून. क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे निघा की पैठण गेटकडे, दिवेलागणीला चायनीजची एखादी गाडी आडवी येतेच: लाल पाटी, तिच्यावर वेटोळं घातलेला ड्रॅगन, आणि ‘शेजवान’ या शब्दाचं त्या गाडीपुरतं स्वतंत्र शुद्धलेखन. खाली १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, वर घोंघावणारी भट्टी, भट्टीवर तेल पिऊन पिऊन काळी कुळकुळीत झालेली लोखंडी कढई. गिऱ्हाईक म्हणतं, “एक शेजवान राइस, तिखट जरा कमी.” तेल पडतं, आलं-लसूण चुरचुरतं, मूठभर कोबी, चिमूटभर गाजर, दोन पळ्या भात, बाटल्यांचे तीन फटकारे, कढईच्या काठावरून आत झेपावलेली आग, पळीचा कढईवर एक ठणठणीत ठोका, की प्लेट भरली. दोन मिनिटं झाली असतील नसतील. गाडीवाल्याचा तो हात खरोखर बघण्यासारखा असतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या हंगटांग को आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०२० मध्ये भात उडवण्याच्या भौतिकशास्त्रावर शोधनिबंधच प्रसिद्ध केला. कसलेले आचारी सेकंदाला सरासरी २.७ वेळा, म्हणजे मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा कढई हलवतात. दाणा कढईला टेकतो तेवढ्यात तापतो, हवेत उडतो तेवढ्यात निवतो, म्हणून एवढ्या आचेवरही तो करपत नाही. बल्लवाचार्य मोटारसायकलवर एक पाय टेकवून हे सारं पाहतात आणि मनाशी ठरवतात: याला दोन मिनिटं लागली, आपण नवखे, आपल्याला दहा धरू. त्रैराशिक बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. कारण ते गाडी संध्याकाळी पाहतात. दुपारी याच माणसाने घरी बसून अख्खे गड्डे चिरलेले असतात, किलोच्या मापाने लसूण सोललेला असतो, भात अर्धाकच्चा उकडून, निथळून, पसरून निववलेला असतो. ती दुपार बघायला कुणी जात नाही, कारण तिथे ना आग असते ना ठोका.

आता कारखान्याचा हिशेब. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी अभियंत्याने यंत्रावरचे साचे लवकर बदलायची जी पद्धत बसवली, तिचा जप वाळूजच्या सगळ्या शॉपफ्लोअरवर चालतो. तिचं सार थोडक्यात असं: तयारी दोन प्रकारची. एक मशीन बंद ठेवूनच करावी लागते ती, आणि दुसरी मशीन चालू असताना बाहेरच्या बाहेर उरकता येते ती. दुसरी तयारी आधी उरकली की मशीन कमी वेळ बंद राहतं. पण ती उरकायला माणूस लागतो आणि त्याचा पगारही द्यावा लागतो, हे शिंगोंना माहीत होतं. बल्लवाचार्यांनाही माहीत आहे. ‘आमच्या लाइनवर साचा दहा मिनिटांत बदलतो, हत्यारं आपोआप जागेवर येतात’ असं त्यांनी सोमवारच्या बैठकीत सांगून बघावं, साहेब तिथल्या तिथे फैलावर घेतील. घरच्या ओट्यावर मात्र हत्यारं खरोखरच आपोआप जागेवर येतात. गॅस पेटवायच्या आधी गाजराच्या काड्या झालेल्या असतात, फरसबीच्या शिरा निघालेल्या असतात, पातीचा कांदा धुऊन, पुसून, पांढरा वेगळा आणि हिरवा वेगळा असा थाटात मांडलेला असतो. हे कसं झालं? बल्लवाचार्यांनी सुरी हातात घेऊन पहिलं गाजर ज्या वेगाने कापायला घेतलं, तो वेग पाहून घरातल्या बाईसाहेब म्हणाल्या, “सरका, मी देते कापून, नाहीतर रात्रीचे अकरा वाजतील.” आणि ते सरकले. घड्याळ लागलं ते त्यानंतर.

सगळ्यात मोठी चोरी भातात आहे. फ्राइड राइसला ताजा, वाफाळता भात चालत नाही. आदल्या दिवशीचा लागतो. भात निवला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, दाणा कोरडा आणि ताठ होतो, आणि मग तो कढईत मोकळा नाचतो. ताजा भात टाकला तर गोळा होतो, त्यातून तांदूळ आंबेमोहोर किंवा इंद्रायणी असेल तर थेट खीरच. ‘उरलेला भात वापरायचा, वेगळं काही करायचंच नाही,’ असं बल्लवाचार्य तोंड भरून सांगतात. हे कोकणात शोभलं असतं. मराठवाड्याच्या ताटात मुख्य अन्न भाकरी किंवा पोळी. भात शेवटी येतो, वरणाला सोबत म्हणून, आणि उरला तर वाटीभर उरतो. चार माणसांच्या फ्राइड राइसला लागणारा पातेलंभर शिळा भात या घरांत आपसूक उरत नाही. तो उरावा म्हणून आदल्या रात्री मुद्दाम शिजवावा लागतो. म्हणजे ज्या पदार्थाची सुरुवात आदल्या रात्री नऊला होते, त्याला झटपट म्हणायचं, आणि ज्या भाकऱ्या पीठ मळण्यापासून अर्ध्या तासात टोपलीत पडतात त्यांना म्हणायचं रोजचा रगाडा!

तो भात रात्रभर कुठे ठेवला यालाही महत्त्व आहे, आणि इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू तांदळात बीजाणूच्या रूपाने असतो. शिजवल्यावरही बीजाणू तगून राहतात, उबदार हवेत भात उघडा राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्याने जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले, त्यामागे हेच कारण निघालं. संभाजीनगरच्या मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात शिळा नव्हे, धोक्याचा. तो पसरून लवकर निववावा लागतो, तास-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये जावा लागतो. हेही काम आहे, आणि तेही दहा मिनिटांत धरलेलं नाही.

यावर आक्षेप येणार. पहिला आक्षेप मराठी माणसाच्या अगदी ओठांवर असतो: मग फोडणीच्या भाताचं काय? तोही शिळ्या भाताचाच की! तिथे कोण मोजतं आदल्या रात्रीचे तास? मुद्दा वजनदार आहे, पण उलटा पडतो. फोडणीचा भात उरलेल्यावर बेतलेला असतो. वाटीभर उरला तर वाटीभर होतो, शेंगदाणे असले तर पडतात, नसले तर नाही, आणि हाताशी लागतो फक्त एक कांदा. जी बाई तो करते तीच आदल्या रात्रीचा भात लावणारी, तीच कांदा चिरणारी आणि तीच कढई घासणारी, त्यामुळे हिशेब कसाही मांडा, रक्कम एकाच खात्यावर पडते. शिवाय ती घोषणा करत नाही. सकाळी सातच्या डब्याच्या घाईत फोडणीचा भात होऊन जातो, आणि मुलं डबा उघडून नाक मुरडतात ते वेगळंच. फ्राइड राइस मात्र फोटोसकट होतो. हा पदार्थ मुळात आपलाच आहे की परका, या वादात आम्ही शिरत नाही. आपल्याकडचं चायनीज भारतातच घडलं. मंचुरियनचा जन्म १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांच्या हातून झाल्याचं मानलं जातं. आपल्या भातात शेजवान चटणी पडते याला चीनची हरकत असलीच, तर ती अजून क्रांती चौकापर्यंत पोचलेली नाही.

दुसरा आक्षेप असा, की घरचा असतो स्वच्छ, आणि गाडीपेक्षा स्वस्त पडतो. स्वच्छ असतो, मान्य. स्वस्ताईबद्दल मात्र फ्रीजचं दार उघडून बोलावं. तिथे सोया सॉसची बाटली, व्हिनेगरची बाटली, हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली आणि शेजवान चटणीच्या दोन बरण्या उभ्या असतात. दोन, कारण पहिली आहे हे आठवलं नाही. त्यांतून चार-चार चमचे गेलेले असतात आणि बाकीचं मुदत संपण्याची वाट पाहत असतं. शिवाय नवी कढई. घरच्या शेगडीची आच गाडीच्या भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही, हे भांडं बदलून कसं बदलेल? पण बल्लवाचार्यांची श्रद्धा हत्यारावर. त्या मंद आचेवर ते चौघांचा भात आणि सगळ्या भाज्या एकदम लोटतात. कढई थंडावते, कोबीला पाणी सुटतं आणि राइस फ्राय व्हायच्या ऐवजी वाफवला जातो. मग ते कढई उचलून भात उडवतात. सेकंदाला २.७ वेळा नव्हे, एकूण तीन वेळा. तिसऱ्या खेपेचे दाणे पुढे दोन दिवस शेगडीखाली सापडतात.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक. काही भल्या बायका स्वतःच म्हणतात, “अहो, जाऊ द्या ना. करताहेत हेच खूप. आमच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात गॅस पेटवला नाही. ही क्रांतीच म्हणायची!” हा शब्द मात्र या भागात जपून वापरावा. १८५७ च्या उठावात ज्यांनी प्राण दिले, त्यांची आठवण सांगणारा काळा चबुतरा याच चौकात आहे आणि चौकाला नाव त्यावरून आहे. दहा मिनिटांचा भात त्या पंक्तीला बसत नाही. तरी आक्षेपातलं तथ्य आम्ही नाकारत नाही. बाप ओट्याशी उभा आहे हे पोरांनी पाहणं चांगलंच. पण पोरं नेमकं काय पाहतात? बाबा फोडणी देतात, आई कापून देते. बाबांना टाळ्या, आईला “अगं, ती चाळणी कुठंय?” आणि “अगं, मीठ घातलं होतं का मी?” हे दोन प्रश्न. उद्या मुलगा मोठा होऊन स्वयंपाक करू लागला, तर तोही टाळ्यांपुरताच करील.

आमच्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा अजून पुढेच आहे. याच परिसरात खोल्या करून राहणारे विद्यार्थी बघा: जालना, बीड, परभणीहून आलेले, कुणी विद्यापीठात, कुणी स्पर्धा परीक्षेच्या मागे. तिघांत एक शेगडी, एक कुकर, एक कढई. यांना फ्राइड राइस बल्लवाचार्यांहून जास्त आवडतो, पैसे त्यांच्याहून कमी असतात, वेळ बराच असतो. हिशेबाने खोलीखोलीत रोज कढई खणखणायला हवी. पण त्या खोल्यांत होते खिचडी नाहीतर अंडाभुर्जी, आणि राइसची हुक्की आली की, “चल रे, खाली गाडीवर जाऊ.” कारण साधं आहे. भात लावणं, चिरणं, परतणं आणि घासणं ही चारही कामं त्यांचीच असतात. ज्याच्या खात्यावर पूर्ण खर्च पडतो, तो या पदार्थाला झटपट म्हणत नाही.

घासण्याचा विषय निघालाच आहे. ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस लक्षात ठेवून धुण्याभांड्यांचे बेत करायची वर्षानुवर्षांची सवय आहे, तिथे दहा मिनिटांच्या पदार्थामागे भाताचं पातेलं, चाळणी, ताट, कढई, पळी, किसणी, भाज्यांच्या पाच वाट्या आणि सॉस ढवळायचा एक कप सिंकमध्ये पडणं ही घरगुती बाब उरत नाही. बल्लवाचार्य तोवर बाहेर दिवाणावर टेकलेले असतात आणि विचारत असतात, “कसा झाला होता, खरं सांगा.” खरं सांगायचं तर मीठ कमी होतं. पण प्रश्न मिठाचा नव्हे.

तेव्हा बल्लवाचार्य, फ्राइड राइस जरूर करा. फक्त एकदा कारखान्याच्या शिस्तीने करा. आदल्या रात्री तांदूळ तुम्ही निवडा, भात तुम्ही लावा, ताटात पसरून, निववून, झाकून तुम्ही फ्रीजमध्ये ठेवा. गाजराच्या काड्या वाकड्यातिकड्या झाल्या तरी तुमच्याच हातच्या होऊ द्या. कढईत एका वेळी दोघांपुरताच भात घाला, आच पुरेल. मग सगळ्या कामांचा वेळ बेरजेला धरा आणि दीड तास निघाला तर दीड तास सांगा. घरात कुणी रागावणार नाही. आणि कढई जेवण झाल्याबरोबर घासा. सोया सॉस वाळला की निघत नाही, आणि तो खरवडायचा वेळही त्याच बेरजेत येतो.