रात्रपाळीचे दोघे

आपले घोरणे आपल्याला कधीच ऐकू येत नाही, ही निसर्गाने घोरणाऱ्यावर केलेली मेहेरबानी आहे आणि शेजारी निजणाऱ्यावर केलेला अन्याय. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात अपरात्री जाग आली, की वरच्या बर्थवरून षड्ज लागलेला असतो आणि खालून कुणीतरी त्याला जोड देत असते. पण कोल्हापूर आल्यावर त्या मैफलीवर हक्क सांगणारा एकही गवई सापडत नाही. सगळेच रात्रभर टक्क जागे असतात.

आमचे दादाकाकाही असेच. ‘नुसता डोळे मिटून पडलो होतो,’ हे त्यांचे रोजचे निवेदन. काकू त्यावर वाद घालत नसत. घोरण्याचा त्यांना त्रास नव्हताच, धास्ती होती ती मधल्या शांततेची. सूर चढत चढत जाई आणि एकाएकी तुटे. मग काकू अंधारात उठून बसत आणि काकांचा पुढचा श्वास येईपर्यंत स्वतःचाही धरून ठेवत. संसारात पुष्कळ गोष्टी वाटून घ्याव्या लागतात. श्वास कोंडणेही त्यांनी वाटून घेतले होते.

वैद्यक या शांततेला स्लीप अ‍ॅप्निया म्हणते. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट मिटते. मेंदू निजलेल्याला क्षणभर उठवतो, वाट मोकळी करतो आणि पुन्हा निजवतो. सकाळी यातले काही आठवत नाही, फक्त वर्तमानपत्र वाचता वाचता मान कलते. झोपेच्या तपासणीत १० सेकंद किंवा त्याहून अधिक श्वास अडला की त्याची नोंद होते. अडणे आणि मंदावणे धरून तासाला ३० किंवा त्याहून जास्त नोंदी झाल्या, तर दुखणे गंभीर.

यावर रात्रपाळीला दोघे तयार असतात. पहिले सीपॅप यंत्र, मास्कमधून दाबाने हवा सोडणारे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी त्याची हकिगत १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. तोवर गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडणे हाच मोठा उपाय होता. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असे, आणि मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. धूळ ओढण्यासाठी जन्मलेल्या मोटरने श्वास पुरवायला लागावे, असे पुण्य फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येते. तिचा दाबही किती, तर दोन बोटांपासून जेमतेम वीतभर पाण्याच्या उंचीएवढा. तेवढ्याने घसा रात्रभर उघडा राहतो.

दुसरी तोंडात घालायची पट्टी. वरच्या आणि खालच्या दातांवर बसते आणि खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते. जबड्याबरोबर जीभही पुढे येते. फ्रान्सच्या पियेर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान जबड्याच्या मुलांसाठी अशाच तऱ्हेचे साधन वापरले होते. पट्टीला ना वीज लागते, ना नळी. प्रवासात ती डबीत मावते. सकाळी जबडा दुखतो, लाळ गळते आणि वर्षे गेली की दातांची ठेवण थोडी बदलते.

आकड्यांत यंत्र सरस. अडलेले श्वास ते अधिक कमी करते, म्हणून गंभीर दुखण्यात पहिला मान त्याचा. पण मध्यरात्री मास्क काढून उशाशी ठेवणारे पुष्कळ, आणि उशाशी ठेवलेला मास्क फक्त उशीला हवा देतो. पट्टी मात्र एकदा बसली की बहुतेक सकाळपर्यंत राहते. त्याच सिडनीत दोघांची तुलना झाली. २०१३ साली छापून आलेल्या निष्कर्षांत महिनाभराच्या वापरानंतर रक्तदाब आणि दिवसाची पेंग यांत यंत्र पट्टीला मागे टाकू शकले नव्हते. वरचढ औषधापेक्षा रोज घेतलेले औषध कामाचे, हे आजीबाईचे मत वैद्यकाला फार फिरून सापडले.

काकांना निवड करावीच लागली नाही. पट्टीला धरायला दात हवेत, आणि काकांचे दात रात्री वाटीतल्या पाण्यात विसावलेले असत. यंत्र आले. काकू त्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर देवाच्या तांब्याइतक्या निगुतीने भरू लागल्या. हळूहळू त्या संथ घरघरीत त्यांनाही गाढ झोप लागू लागली. मात्र कोकणातल्या घरी वीज गेली आणि घरघर थांबली, की काकांच्या आधी जाग येते ती काकूंना. ‘अहो, कुशीवर वळा,’ त्या म्हणतात. काका मुकाट्याने वळतात. कुशीवर श्वास जरा मोकळा होतो, हे काकूंना कोणी शिकवले नव्हते.

यंत्र की पट्टी, हे तपासणीचा अहवाल, तुमचे दात आणि तुमचा स्वभाव पाहून डॉक्टर आणि दंतवैद्य ठरवतील. तुम्ही एवढेच करा: तपासणीला जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या, आणि डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारले की आधी त्याला बोलू द्या.