बघून द्या की

शाळूची सुगी उरकली की आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर कडब्याच्या गंजी उभ्या राहतात आणि ज्याच्याकडं कुट्टी यंत्र आहे त्या माणसाचा भाव वधारतो. भाव माणसाचा हं, कामाचा नव्हे. कामाचा भाव तो सांगतच नाही. असा माणूस बहुतेक प्रत्येक वस्तीवर असतो. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं आबा. आमच्याकडं तो नाना आहे.

नानांकडं ट्रॅक्टर आहे, मागं जोडायचं कुट्टी यंत्र आहे, कानात खोचलेली पेन्सिल आहे आणि खताच्या दुकानदारानं फुकट दिलेली डायरी आहे. म्हणजे दर ठरवायला लागणारं सगळं साहित्य आहे. पण "नाना, कुट्टीचं काय घेणार?" असं विचारलं की नाना आधी दुखावतात.

"आरं, मी काय पळून चाललोय का?"

तरीही रेटून विचारलं तर, "तू काय परका हायस?" आणि काम संपल्यावर, भुवयांवर बसलेला भुसा झटकत, "बघून द्या की!"

आता बघायचं कुणाकडं? डिझेलच्या काट्याकडं बघावं तर तो ट्रॅक्टर घेतला त्या वर्षीच बंद पडलेला. नानांच्या तोंडाकडं बघावं तर ते तेवढ्यापुरतं शेजारच्या डाळिंबाच्या बागेकडं वळलेलं. मग माणूस अंदाजानं नोटा पुढं करतो. नाना त्या न मोजता खिशात घालतात. कमी पडल्या असतील तर चकार शब्द नाही, फक्त संध्याकाळी काकू नळावर कुणाला तरी सांगतात, "ह्यांच्या यंत्राची पाती लई झिजली बाई औंदा." निरोप बरोबर त्या घरी पोचतो. जास्त झाल्या असतील तर नाना भर उन्हात उलटे चालत येऊन पन्नासाची नोट परत करतात. ती परत करताना त्यांचा चेहरा जसा उजळतो, तसा पाचशेची घेताना कधी उजळलेला पाहिला नाही.

नानांनी दर लावून बघितलेच नाहीत असं नाही. आधी तासावर लावला. मग मालकाचं लक्ष कडब्यावरून उडालं आणि मनगटावरच्या घड्याळावर बसलं. पेंढ्या पुरवणारे गडी पळू लागले, यंत्रात एकदम चार पेंढ्या कोंबू लागले, आणि यंत्र तुंबलं. तुंबलेला वेळ कुणाचा? इंजिन चालू असताना चहा आला तर तो कुणाच्या तासात प्यायचा? नाना सज्जन. मालकाचा तास वाया जाऊ नये म्हणून उकळता चहा एका घोटात प्यायले, टाळू पोळून घेतली, आणि तास बंद केला.

मग ट्रॉलीवर. ट्रॉली भरली म्हणजे किती भरली, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. पहिल्याच घरी मालकानं भावकीतली सगळी पोरं कुट्टीवर नाचायला चढवली. पोरं दुपारभर नाचली, कुट्टी दबत गेली आणि दोन ट्रॉल्यांचा माल एकीत मावला.

राहिला शेकडा. हा जुना, खानदानी हिशोब. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. ह्यात कुणी काय करील? पण पेंढी म्हणजे काय छापखान्यातून येते? तिच्या बांधणीत आमच्या माणसाची सारी बुद्धी उतरते. कडबा विकायचा असेल तेव्हा पेंढी मनगटाएवढी. तोच कडबा नानांच्या यंत्राला द्यायचा ठरला की पेंढी कवेत मावत नाही. एका गंजीपुढं नाना कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "ही पेंढी न्हाय, ही म्हातारी हाय. दोघांनी धरून उठवा."

ह्याच्या मागं जुनं दुखणं आहे. नानांच्या वडिलांच्या काळी इर्जिक होती. एकाचं रान नांगरायचं असलं की वस्तीवरची औतं बोलावल्याबरोबर येत, दिवसात काम फत्ते, आणि ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. दर नव्हता, जेवण होतं. आणि जेवणाला नावं ठेवायची मुभा होती. त्या काळी दारात खिल्लार जोड्या असत, खरसुंडीच्या यात्रेत हौसेनं घेतलेल्या. पुढं कृष्णेचं पाणी टेंभू योजनेनं उपसून ह्या दुष्काळी रानांपर्यंत आलं, कुसळांच्या जागी डाळिंब आणि ऊस दिसू लागला, बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. बैल शेजाऱ्याच्या रानात गेला तरी आपल्याच गोठ्यातली वैरण खायचा. ट्रॅक्टर पंपावर जाऊन पितो, आणि पंपावरचा पोरगा "बघून द्या" म्हणत नाही.

2018-19 च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या, तेव्हा सरकारनं मोठ्या जनावरामागचं अनुदान 90 वरून 100 रुपये केलं. नानांना त्या आकड्याचं भारी कौतुक वाटलं. "सरकारला दर सांगाय जमतंय," ते म्हणाले. "सरकारला कुठं भावकी हाय?"

डायरीत काय असतं ते एकदा मला दिसलं. रुपये फार थोडे. बाकी सगळं असं : 'आईला दवाखान्यात नेली. रात्री.' 'पत्रे चढवताना दिवसभर होता.' 'लेकीच्या लग्नात मांडव सोडेपर्यंत थांबला.' ह्या नोंदी आणि कुट्टीचे शेकडे एकाच पानावर, एकमेकांसमोर. रात्रीच्या दवाखान्याचे किती शेकडे होतात, हे नानांनाही उमगलेलं नसावं, कारण त्या पानावर पेन्सिलीनं बेरजेची रेघ ओढलेली होती आणि खाली काहीच नव्हतं.

सबंध वस्तीवर एकाच माणसाला नानांनी दर आकड्यात सांगितलेला आहे. तो म्हणजे बांधावरून ज्याच्याशी दावा चालू आहे तो. तिथं काम सुरू व्हायच्या आधी आकडा, संपल्यावर रोकड, दोन्हीकडून मोजून, तिसऱ्या माणसादेखत. गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत त्या दोघांची कुट्टीवरून एकदाही कुरबूर झालेली नाही. तो गडी चारचौघांत सांगतो, "बांध चोरल, पर हिशोबाला चोख हाय." नानाही त्याच्याबद्दल अगदी हेच सांगतात.

औंदा थोरल्या पोरानं मनावर घेतलं. ट्रॉलीच्या फाळक्यावर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली : तासाला इतके, ट्रॉलीला इतके, शेकड्याला इतके. मडगार्डवर पैसे भरायचा क्यूआर कोडही चिकटवला. नानांनी पाटी दोनदा वाचली, मान हलवली, बोलले काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पेंटरला गाठून खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवून घेतली : 'घरच्या माणसांनी नानांस विचारावे.' तेव्हापासून आजवर एकही परका माणूस कुट्टीला आलेला नाही.

पेंटर वस्तीवरचाच. पाटीचे किती झाले विचारायला नाना त्याच्या दारात तीन हेलपाटे घालून आले. तो ब्रश धुता धुता म्हणतो, "नाना, तुमी काय परकं हायसा?" नानांची झोप उडाली आहे. काल पारावर मलाच धरून म्हणाले, "येक आकडा सांगाया ह्याच्या तोंडाला काय हुतंय रं? समोरच्यानं समजायचं तरी काय?"