गोधडी मार्गस्थ आहे

परदेशी पार्सलाचा ठावठिकाणा मोबाइलवर दिसायला लागला आणि माणसाची काळजी मिटली, असं ज्यांना वाटतं त्यांनी आर्वीहून अमेरिकेला कधी काही पाठवलेलं नसतं. पूर्वी पार्सल हरवलं की हरवलं. तेही दोन-तीन महिन्यांनी, पलीकडून पत्र आल्यावर कळायचं. मधल्या काळात माणूस जेवायचा, झोपायचा, दोन लग्नं उरकायचा. आता पार्सल हरवतच नाही. ते ‘मार्गस्थ’ असतं. आणि मार्गस्थ पार्सलाच्या मालकाला डोळा लागायची सोय नसते.

उदाहरणाला आर्वीच्या एक काल्पनिक वहिनी घेऊ. काल्पनिक अशासाठी, की खऱ्या वहिनींना उद्या पुन्हा त्याच खिडकीवर उभं राहायचं आहे. या वहिनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. आपल्याकडे पाहुणे आले की गोधडी आतल्या खोलीत लपवतात. अमेरिकेत तीच भिंतीवर टांगतात आणि वर डॉलर मोजतात. वहिनींच्या पोरानं मोबाइलवर दुकान उघडून दिलं. ओहायोतल्या एका बाईंना गोधडी आवडली. सरकारही पाठीशी होतंच. छोट्या गावांतून थेट परदेशी माल जावा म्हणून २०२२ पासून ‘डाकघर निर्यात केंद्रं’ निघाली, ती आता देशभरात हजारावर आहेत. निर्यातीचं बिल ऑनलाइन, लेबल ऑनलाइन. आपल्या हातानं करायचं उरतं ते फक्त वाट पाहणं.

वहिनींच्या हाती पावती आली. तिच्यावर १३ अक्षरी क्रमांक. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची खूण म्हणून आय आणि एन. यातला नववा आकडा तपासणीचा. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ नं गुणायचं, बेरीज करायची, ११ नं भागायचं, आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० लिहायचा, ११ आलं तर ५. पंचांगकर्त्याला घाम फोडणारं हे गणित स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या जागतिक टपाल संघाचं. संघ १८७४ चा, भारत त्यात १८७६ पासून, आणि आज सभासद देश १९२. एवढ्या देशांनी मिळून काय साधलं? तर क्रमांक लिहिताना चूक झाली नाही, याची खात्री. त्या क्रमांकाचं पार्सल जगात कुठे आहे की नाही, याच्याशी नवव्या आकड्याला काही देणंघेणं नाही. पार्सल गहाळ होईल, ओलं होईल, फाटेल. क्रमांक मात्र शेवटपर्यंत धडधाकट राहतो.

पुढे त्या क्रमांकाच्या आयुष्यात नऊ मुख्य टप्पे येतात. त्यांना इंग्रजी ए पासून आय पर्यंत अक्षरं दिली आहेत. ए म्हणजे माल घेतला. बी म्हणजे आपल्या देशातल्या परदेशी टपालाच्या केंद्रात आला. सी म्हणजे तिथून निघाला. डी म्हणजे परक्या देशात उतरला. ई म्हणजे कस्टमनं धरला. एफ म्हणजे पुढे सुटला. जी म्हणजे वाटपाच्या कचेरीत आला. एच म्हणजे द्यायला गेले पण जमलं नाही. आय म्हणजे एकदाचा पोचला. शाळेत बाराखडीला कंटाळलेल्या वहिनींची ही नऊखडी आठवड्याभरात पाठ झाली.

खरी मौज सी आणि डी यांच्या मधे आहे. गोधडी थैलीत जाते, थैलीला तोंड शिवून वेगळं लेबल लागतं, आणि थैली विमानात चढते. आत कोणकोण आहे हे पाहायला वाटेत थैली कोणी उघडत नाही, आणि उघडायचं कारणही नाही. म्हणून सी नंतर मोबाइलवर शुकशुकाट. पलीकडे थैली फुटली आणि कोणी प्रत्येक पार्सलाचा बारकोड वाचला, तर डी उमटतो. घाईत नाही वाचला, तर गोधडी ओहायोत भिंतीवर लागते आणि मोबाइलवर ती अजून मुंबईतच असते. उलटंही होतं. मोबाइलवर ती मजल दरमजल करत पुढे जाते आणि प्रत्यक्षात कुठल्या तरी रॅकखाली पाय पसरून झोपलेली असते.

गल्लीला हे सारं कळायला वेळ लागला नाही.

“का जी वहिनी, पोचली का गोधडी?”

“सी मध्ये हाय.”

“लय दूर हाय का थे?”

“मुंबईतून निघाली, अन् कुठीच गेली नाही.”

“मंग काऊन पाहून रायल्या दिवसभर मोबाइल?”

या प्रश्नाला जागतिक टपाल संघाकडेही उत्तर नाही. आर्वीकराला तसा थांबायचा सराव आहे. पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज बंद पडली, तिची ब्रॉडगेज होणार हे ऐकता ऐकता पोरांचे केस पांढरे झाले. फरक एवढाच, की ब्रॉडगेज कुठवर आली हे बघायला कोणी रात्री दोन वाजता उठत नाही. गोधडीसाठी वहिनी उठतात, कारण ओहायोत तेव्हा दुपार असते आणि बाईंचा निरोप आलेला असतो: “तुमच्या साइटवर गेली दिसते, आमच्या साइटवर आलेली दिसत नाही. मग आहे कुठे?” दोन देशांच्या दोन साइटी, दोन साक्षी, आणि आरोपी फरार.

इथे ऑनलाइन दुकानाचा कायदा उभा राहतो. गिऱ्हाईक ‘मिळालं नाही’ म्हणालं, की पोचल्याचा पुरावा विकणाऱ्यानं द्यायचा. वहिनींकडे गेल्याचा पुरावा भक्कम आहे. पोचल्याचा नाही. दुकान बाईंचे पैसे परत करतं आणि वहिनींच्या नावासमोरचे तारे कमी करतं. चौकशी करायचीच तर नियम साधा आहे. पार्सल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायची, आणि ती सहसा पाठवणाऱ्यानंच करायची. म्हणजे जिच्याकडे गोधडी नाही आणि पैसेही नाहीत, तिनेच अर्जही भरायचा.

आता कोणी म्हणेल, जबाबदारी कोणाची तरी असेलच की. कायद्यात बघू. इंग्रजांनी १८९८ मध्ये टपालाचा कायदा केला आणि सहाव्या कलमात लिहून ठेवलं, की स्वतःहून पत्करली असेल तेवढी सोडून पार्सल हरवणं, भलत्याला जाणं, उशीर किंवा नुकसान यांची जबाबदारी सरकारवर नाही. इंग्रज गेले, त्यांची टोपी गेली, त्यांचे पुतळे हलले. १२५ वर्षांनी तो जुनाट कायदाही गेला. नवा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात स्वच्छ स्वदेशी भाव आहे: नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी सोडून टपाल कार्यालयावर आपल्या सेवेची कसलीही जबाबदारी नाही. गुलामीच्या सगळ्या खुणा पुसताना एवढी एक तरी जपली, हे काय थोडं झालं?

हे कलम आणि ती नऊखडी शेजारी ठेवून वाचली की सगळा उलगडा होतो. मोबाइलवर दिसणारी नोंद गोधडी कुठे आहे हे सांगायला नसतेच. एका कचेरीनं दुसऱ्या कचेरीला दाखवायची ती पावती असते: आमच्या हातून सुटलं, आता तुम्ही जाणा. नऊ टप्पे म्हणजे नऊ वेळा झटकलेले हात. आणि झटकणाऱ्यांची साखळी जिथे संपते तिथे मोबाइल घेऊन वहिनी बसलेल्या असतात. पूर्वी पार्सलावर लक्ष ठेवणं हे खात्याचं काम होतं, त्यासाठी पगार होता, पेन्शन होती. तेच काम आता वहिनी करतात, स्वतःच्या रिचार्जवर. आणि याला सुविधा म्हणतात.

एकदाच काय ते सगळं भरवशाचं झालं होतं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय जायचा. ३० जुलै २०२५ ला तिथून हुकूम निघाला, की २९ ऑगस्टपासून ही सवलत बंद. जकात वसूल कोणी करायची, कशी करायची हे कोणालाच नीट ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडून अमेरिकेचं टपाल २५ ऑगस्टपासून थांबायला लागलं, ते पूर्ववत झालं १५ ऑक्टोबरला. या सुमारे सात आठवड्यांत परदेशी टपालाच्या इतिहासातलं सर्वात अचूक ट्रॅकिंग आर्वीनं अनुभवलं. गोधडी कुठे आहे? पलंगावर. काल कुठे होती? पलंगावर. उद्या? तिथंच. विमान नाही, थैली नाही, सी आणि डी मधला अंधार नाही. वहिनी रात्रभर शांत झोपल्या. दिवाळीच्या तोंडावर सेवा सुरू झाली ती जकात आपल्याच खिडकीवर आगाऊ भरायच्या अटीवर, तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के. म्हणजे पाच हजारांच्या गोधडीमागे अडीच हजार. आणि गंमत पाहा, या अडीच हजारांचा माग कधी चुकत नाही. ते सी मध्ये अडकत नाहीत. माल घरी असतानाच पैसा मार्गी लागलेला असतो.

तंत्रज्ञान कमी पडतं म्हणावं, तर तेही खरं नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी देशाला सहा आकडी पिनकोड दिला, तेव्हापासून आर्वी म्हणजे ४४२२०१ हे खात्याला पाठ आहे. मे २०२५ मध्ये आला डिजिपिन. त्यात देशाचा नकाशा ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत कापलाय आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी नाव दिलंय. वहिनींच्या तुळशीला वेगळा, गोठ्याला वेगळा. देशातला कुठलाही चौकोन आता बोट ठेवून दाखवता येतो. त्यातल्या कुठल्या चौकोनात गोधडी पडली आहे, एवढं एकच सांगता येत नाही.

आर्वीकराला याचं जास्त वाईट वाटतं, कारण वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. तिनं सात श्लोकांचं पत्र द्वारकेला पाठवलं, तेही स्वतःच्या लग्नाची तारीख डोक्यावर असताना. दुसऱ्याचं राज्य, शेकडो कोसांची वाट, वर भावाचा पहारा. बारकोड नव्हता. पत्र पोचलं, वेळेत पोचलं, आणि उत्तर म्हणून प्रत्यक्ष नवरदेव रथ घेऊन आला. कारण ते पत्र एका माणसानं घेतलं आणि त्याच माणसानं दिलं. मधे हात झटकायला दुसरी कचेरीच नव्हती.

तेव्हा टीका पुरे, दोन-चार विधायक सूचना कराव्यात असं वाटतं. पहिली, वहिनी जे काम करतात त्याची सरकारदरबारी नोंद व्हावी आणि त्यांना ‘मानद माग निरीक्षक’ म्हणून ओळखपत्र मिळावं. पगार नको, निदान खिडकीवर उभं राहताना स्टूल मिळेल. दुसरी, परदेशात न चुकता पोचतो तो क्रमांकच; तर आर्वीनं यापुढे क्रमांकच निर्यात करावेत. छान चौकट करून ओहायोतल्या भिंतीवर लावता येतील. धुवायची कटकट नाही, बहुधा जकातही बसणार नाही.

तिसरी सूचना थोडी धाडसी आहे. ए ते आय या नऊ टप्प्यांना आणखी एक जोडावा. अर्थ, ‘कुठे आहे आम्हाला माहीत नाही’, आणि पुढे शेवटचा बारकोड वाचणाऱ्या कचेरीचं नाव आणि फोन. नवं सॉफ्टवेअर लागत नाही, उपग्रह लागत नाही. १९२ देशांत आजवर एकाही साइटीनं न केलेली कबुली तेवढी लागते. त्या एका ओळीवर वहिनी दुकानाशी भांडू शकतील, बाईंना खरं सांगू शकतील आणि दुसरी गोधडी शिवायला बसू शकतील. ठरावाचा मसुदा तयार आहे. बर्नला पाठवायचा आहे. स्वित्झर्लंडकडे जाणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवावं. हातोहात दिलेला बरा.