ताबा मिळाला, घर कुठे आहे?

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. त्याआधी २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के मतदारांनी तसा कौल दिला होता. प्रचाराची घोषणा होती, ताबा परत घ्या. तो ताबा आता पुरता लंडनकडे आहे. कुणाला आत घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, कुणाला परत पाठवायचं, यात ब्रसेल्सचा काडीचा संबंध उरलेला नाही. तरीही ब्रिटनमधला सामान्य माणूस २०१६ पेक्षा जास्त चिडलेला आहे. का?

कारण त्याला घर हवं होतं आणि त्याच्या हाती सीमा ठेवण्यात आली.

घरांचा हिशेब आधी मांडू. १९६८ या एका वर्षात ब्रिटनमध्ये चार लाखांहून अधिक घरं बांधून झाली आणि त्यात कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकांच्या, घरांचा वाटा मोठा होता. १९८० मध्ये थॅचर सरकारने कायदा करून कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडमध्ये आजवर वीस लाखांच्या आसपास घरं अशी विकली गेली. कामगार कुटुंबं घरमालक झाली याबद्दल कुणी तक्रार करू नये. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. विक्रीतून आलेला पैसा नव्या घरांवर मोकळेपणाने खर्च करायला सरकारने कौन्सिलना मनाई केली. घरं गेली, त्यांच्या जागी तेवढी घरं आली नाहीत. पुढच्या सरकारांनी इंग्लंडसाठी वर्षाला तीन लाख घरांचं लक्ष्य जाहीर केलं आणि ते एकाही वर्षी गाठलं नाही. आज इंग्लंडमध्ये तेरा लाखांच्या आसपास कुटुंबं कौन्सिलच्या घरासाठी रांगेत आहेत. लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढताहेत, त्यातली काही लॉजच्या एकाच खोलीत, शाळकरी पोरांसकट.

यातला एकही निर्णय ब्रसेल्समध्ये झालेला नाही. सगळे वेस्टमिन्स्टरमध्ये झाले, निवडून दिलेल्या ब्रिटिश खासदारांच्या मतांनी.

आता माणसांचा हिशेब. २०१६ च्या सुमाराला वर्षभरात आलेल्यांतून गेलेले वजा केले, तर तीन लाखांच्या थोडे वर लोक उरत. त्या आकड्यावर मतदार संतापला होता. बाहेर पडल्यावर जानेवारी २०२१ पासून गुणांवर आधारलेली व्हिसापद्धत आली आणि २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात हाच आकडा नऊ लाखांवर गेला. यातली बहुतेक माणसं कुंपण ओलांडून आली नव्हती. वृद्धांची शुश्रूषा करायला ब्रिटिश माणूस त्या पगारात मिळेना, म्हणून २०२२ मध्ये सरकारने त्या कामाचे व्हिसा खुले केले. देशी विद्यार्थ्यांची फी वर्षानुवर्षं गोठवून ठेवली, म्हणून विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर खर्च भागवला. युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांना तर सरकारने स्वतःहून बोलावलं. या साऱ्यांच्या पासपोर्टवर ब्रिटिश सरकारचीच मोहोर होती.

एवढी माणसं वर्षभरात येतात तेव्हा भाडी चढतात. ते नाकारणं खोटेपणा होईल, आणि ज्याचं भाडं चढलं त्याला वंशवादी म्हणून गप्प करणं हा त्याच्यावर अन्याय होईल. पण पुढचं पानही वाचायला हवं. सरकारने दारं आवळली आणि जून २०२५ पर्यंतच्या वर्षात हा आकडा दोन लाखांच्या आसपास उतरला. नऊवरून दोनवर! कौन्सिलची रांग काही आखडली नाही. दोष येणाऱ्यांचाच असता, तर ती निदान हलायला हवी होती. शिवाय कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला कौन्सिलचं घर मागताच येत नाही, व्हिसाच्या अटीतच तशी मनाई असते. जे घर त्याला मिळूच शकत नाही, ते पळवल्याचा आरोप त्याच्यावर होतो.

छोट्या बोटींचंही तसंच. २०१८ मध्ये इंग्लिश खाडी बोटीने ओलांडून आलेल्यांची नोंद तीनशेच्या आत होती. २०२२ मध्ये ती ४५ हजारांवर गेली. संघात असताना डब्लिन नियमांनुसार, युरोपात आधी दुसऱ्या देशात आश्रय मागितलेल्या माणसाला तिकडे परत पाठवण्याची सोय होती. बाहेर पडताना ब्रिटनने ती सोयही सोडून दिली. आलेल्यांना सहसा काम करू दिलं जात नाही, म्हणून त्यांच्यातल्या अनेकांना सरकारी खर्चाने हॉटेलात ठेवावं लागतं. मग रांगेत ताटकळणाऱ्या माणसाला ते हॉटेल दाखवलं जातं.

त्याचा परिणाम साऱ्या जगाने पाहिला. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींची निर्घृण हत्या झाली. मारेकरी आश्रय मागायला आलेला परदेशी आहे, अशी अफवा उठली. तो जन्मला होता ब्रिटनमधल्याच कार्डिफमध्ये. तरीही काही दिवसांत रॉदरहॅममध्ये जमावाने हॉटेल पेटवायचा प्रयत्न केला आणि आत माणसं होती. जून २०२५ मध्ये उत्तर आयर्लंडच्या बॅलिमेनात परदेशी कुटुंबांच्या घरांना आगी लावल्या गेल्या. तेव्हा तिथल्या काही कुटुंबांनी आपलं घर वाचावं म्हणून दारावर ब्रिटिश झेंडा लावला, कुणी आपण कोणत्या देशाचे ते कागदावर लिहून चिकटवलं. घरांची टंचाई असलेल्या देशात घरंच जाळली गेली.

आणि ज्या राष्ट्रासाठी हे सगळं चाललंय म्हणतात, ते तरी एकसंध राहिलं का? स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मतदारांनी संघात राहायचं ठरवलं होतं, उत्तर आयर्लंडमध्ये जवळजवळ ५६ टक्क्यांनी. दोघांना इंग्लंडच्या मताबरोबर बाहेर जावं लागलं. उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मधल्या समुद्रात मालतपासणीची रेघ उभी राहिली. तिच्या निषेधात डीयूपी या ब्रिटननिष्ठ पक्षाने बेलफास्टचं सरकार फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं बंद पाडलं. स्कॉटलंडची लोकसंख्या म्हातारी होते आहे, त्याला हात हवे आहेत. त्याने स्वतःचा वेगळा व्हिसा मागितला, लंडनने नाही म्हटलं. स्वातंत्र्यासाठी पुन्हा सार्वमत घेऊ म्हटलं, तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय ते घेता येणार नाही. ब्रसेल्सकडून परत आणलेला ताबा एडिनबराच्या वाट्याला आलाच नाही.

स्कॉटलंडने मात्र एक शहाणपण केलं. कौन्सिलची घरं विकणं त्याने २०१६ मध्ये बंद केलं, पुढे वेल्सनेही केलं. तरी २०२४ मध्ये स्कॉटलंड सरकारला घरांबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. विक्री थांबवून घरं वाचतात, वाढत नाहीत. घर बांधावंच लागतं.

आता थोडं आपल्या माणसांविषयी. २०१६ च्या सार्वमताच्या वेळी बाहेर पडण्याच्या बाजूच्या नेत्या प्रीती पटेल यांनी दक्षिण आशियाई हॉटेलवाल्यांना सांगितलं होतं की युरोपचे लोंढे थांबले की तुमचे आचारी आणता येतील. भारतीय वंशाच्या अनेकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. पुढे काय झालं? जानेवारी २०२४ पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं आणायला बंदी आली. मार्च २०२४ पासून शुश्रूषा करणाऱ्यांनाही. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेने कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. पुण्याहून, नाशिकहून कर्ज काढून गेलेल्या पोराला तिथला जामीनदार नसला, की खोलीसाठी कित्येक महिन्यांचं भाडं आगाऊ मोजावं लागलं. आणि तरीही तिथले आपलेच काही लोक म्हणतात, आम्ही नियमाने आलो, राग बोटीतून येणाऱ्यांवर आहे. दगड मारणारा व्हिसा विचारत नाही. बोटीतल्या माणसाकडे बोट दाखवून आपली सुटका होईल, हा भ्रम मराठी माणसाने तरी सोडून द्यावा.

स्टार्मर सरकारने एका कार्यकाळात पंधरा लाख घरं बांधण्याचं वचन दिलं आहे. त्याची परीक्षा तेवढ्यावरच व्हावी. ब्रिटनच्या मतदाराने दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारावं: माझ्या गावात कौन्सिलची किती घरं बांधणार, कुठल्या जागेवर, कुठल्या वर्षी? उत्तराची सुरुवात परदेशी माणसापासून झाली, तर खुशाल समजावं की या उमेदवाराकडे घर नाही.