भांडायचं तर इंग्रजीत

मराठी माणसाचा राग तीन टप्प्यांत चढतो. पहिल्या टप्प्यात तो मराठीत बोलतो. राग वाढला की इंग्रजीत शिरतो: 'डोन्ट टीच मी', 'माइंड युवर लँग्वेज', 'हू आर यू टु टेल मी?' आणखी वाढला की परत मराठीत येतो, पण तोवर विषय समोरच्याच्या सात पिढ्यांवर गेलेला असतो. पहिला आणि तिसरा टप्पा समजण्यासारखा आहे. मधल्या टप्प्यात इंग्रजीचं काय काम, हे कोडं आहे. समोरचाही मराठीच, जमलेले बघेही मराठीच, आणि भांडण कुठलं, तर कुंडीतलं पाणी खालच्या गॅलरीत गळतं याचं.

मला वाटतं, तेव्हा माणूस मुद्दा मांडत नसतो, हुद्दा मांडत असतो. आपल्याकडे इंग्रजी आलं ते कलेक्टर, हेडमास्तर आणि बँक मॅनेजर यांच्या तोंडून. त्यामुळे ही भाषा तोंडात आली की आपणही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो, असं वाटायला लागतं. समोरच्याला पटवणं हा बेतच नसतो. तो गप्प बसला म्हणजे झालं.

हे बघायचं असेल तर हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जावं. रविवारी सकाळी साडेदहाला गणपूर्ती होत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग तीच माणसं त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून तीच सभा पुढे चालवतात. विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा. तळमजल्यावरचे काका उठतात. म्हणतात, "मी लिफ्टमध्ये आजवर पाय ठेवला नाही. मी का म्हणून पैसे द्यायचे?" युक्तिवाद वाईट नाही. सेक्रेटरी आधी "काका, तसं नसतं हो" म्हणून बघतो. काका हटत नाहीत. मग मागच्या रांगेतले नुकतेच निवृत्त झालेले एक साहेब ताडकन उभे राहतात आणि म्हणतात, "मिस्टर चेअरमन, पॉइंट ऑफ ऑर्डर! अ‍ॅज पर बायलॉज, धिस इज नॉट ओपन फॉर डिस्कशन." सगळीकडे शांतता. पॉइंट ऑफ ऑर्डर कधी घ्यायचा असतो, हे त्या साहेबांसकट कोणालाच नक्की ठाऊक नसतं, पण काका खाली बसतात. ठराव एकमताने मंजूर होतो. नंतर वेफर्सची बशी हातात घेऊन काका शेजाऱ्याला सांगतात, "पैसे देईन हो मी. पण पटलं नाही."

काकांचं हे दुसरं वाक्य मिनिट्समध्ये येत नाही.

याचा थोडा दोष शाळेकडे जातो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आमच्यासारख्यांना ते पाचवीत भेटलं, आणि भेटलं ते अर्जाच्या रूपात. आजारपणामुळे रजा मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज, दाखला मिळावा म्हणून अर्ज. 'आय बेग टु स्टेट' इथून सुरुवात आणि 'युवर्स ओबिडियंटली' इथे शेवट. पुढे नोकरीत हुकूम सोडायचं इंग्रजी आलं: 'काइंडली डू द नीडफुल', 'ट्रीट धिस अ‍ॅज अर्जंट'. म्हणजे आपल्याला वाकून बोलायचं इंग्रजी येतं आणि ताठ्यानं बोलायचं येतं. बरोबरीच्या नात्यानं, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, 'तुझं म्हणणं कळलं, पण बघ हं' असं सांगायचं इंग्रजी कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

शिवाय मराठी वाद चालतो तो एकमेकांना तोडण्यावर. "अहो पण", "थांबा थांबा", "ते असू दे बाजूला", "काहीतरीच काय!" वाक्य कोणीच पुरं करत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. इंग्रजीत आपल्याला वाक्य मनात आधी पुरं जुळवून घ्यावं लागतं. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत संध्याकाळी परदेशातल्या गिऱ्हाइकाशी कॉल चालू असतो. तिकडून कोणी काही चुकीचं बोलतो. आपला मुलगा सरसावतो, पण 'हॅड' लावायचं की 'हॅव' याचा निकाल लागेपर्यंत विषय पुढच्या स्लाइडवर गेलेला असतो. मग तो म्युट काढतो, "नो, नो, आय अ‍ॅग्री" म्हणतो आणि पुन्हा म्युट लावतो. खणखणीत उत्तर सुचतं ते दुचाकीवर, सिग्नलला थांबल्यावर.

तरी पण परक्या भाषेचा एक फायदा आहे, आणि तो नुसता मनाचं समाधान म्हणून सांगत नाही. शिकागो विद्यापीठातल्या बोआझ कायसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. एकच गोष्ट 'इतके वाचतील' अशी मांडली की माणसं एक निवड करतात, 'इतके मरतील' अशी मांडली की दुसरी, हे आधीपासून माहीत होतं. कायसार यांना दिसलं की हाच प्रश्न शिकलेल्या भाषेत विचारला तर माणसं या शब्दांच्या खेळाला कमी फसतात. आईच्या भाषेतला शब्द थेट पोटात जातो, शिकलेल्या भाषेतला डोक्यात थोडा थांबून जातो, असं काहीसं असावं. म्हणूनच मराठीतली एक साधी 'अक्कल' काढलेली वर्षभर सलते, आणि 'स्टुपिड' म्हटलेलं संध्याकाळपर्यंत विसरतं.

हा थंडपणा कसा वापरावा, याचा वस्तुपाठ मी गोपाळ कृष्ण गोखल्यांत बघतो. कोतळूकसारख्या कोकणातल्या गावी जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकवणारा, अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिणारा हा माणूस. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, व्हाइसरॉय कर्झनच्या समोर, अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला. सरकारी तिजोरीत शिल्लक पडली होती आणि सरकार खुशीत होतं. गोखल्यांनी त्या शिलकीवरच बोट ठेवलं. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या देशात शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. मिठावर मणाला अडीच रुपये कर कशासाठी? सोबत आकड्यांची फौज. त्यातले बरेच आकडे जमवायला गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांची मदत होती. कर्झनला झोंबावं असं त्या भाषणात बरंच होतं, पण 'हे बोलणं शोभत नाही' म्हणून झटकून टाकावं असं वाक्य मात्र सापडणं कठीण. पुढच्या वर्षी मिठावरचा कर दोन रुपयांवर आला. तो एका भाषणानं उतरला असं म्हणणं धाडसाचं होईल, पण भाषण वाया गेलं असंही कोणी म्हणणार नाही. आपल्या बोलण्याला नुसता आवाज पुरणार नाही, हे ठाऊक असलेला माणूस तयारी करून येतो. आपल्या सोसायटीतले साहेब तयारी करत नाहीत, कारण त्यांचं काम आवाजावर भागतं.

तयारीनं सगळं जिंकता येतं असं मात्र नाही. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठीच्या नावानं आनंद. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि ते २१ तासांहून अधिक बोलले, इंग्रजीत. मराठी लेखांचं मराठीपण इंग्रजीतून समजावत, ज्यांनी मूळ ओळ वाचलेली नाही आणि वाचणारही नाहीत अशा नऊ जणांना. कौल सात विरुद्ध दोन असा गेला आणि टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेला काढली. म्हणजे २१ तासांत दोघांना पटलं. त्या नऊ खुर्च्या पाहता मला हे यश लहान वाटत नाही.

त्याच न्यायालयात आज गंमत उलटी आहे. संसद वेगळं ठरवत नाही तोवर उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, असं घटनेचं कलम ३४८ सांगतं. जुन्नरकडचा एक शेतकरी बांधाच्या भांडणात इथवर येतो. खालच्या कोर्टात सगळं मराठीत झालेलं. "आमच्या आज्यापासनं बांध इथंच हाय" ही साक्षही त्यानं दिलेली. पण सेकंड अपिलात बांधाबद्दल बोलून भागत नाही, 'सब्स्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ' दाखवावा लागतो. टोपी मांडीवर ठेवून तो मागच्या बाकावर बसतो. अधूनमधून गावाचं नाव ऐकू येतं, एकदा चुलतभावाचं. आपला वकील हात हलवतो, न्यायमूर्ती चष्म्यावरून बघतात, समोरचा वकील काहीतरी बोलायला उठतो आणि बसतो. पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं आणि पुढचं प्रकरण पुकारलं जातं.

बाहेरच्या व्हरांड्यात तो वकिलाला गाठतो. "साहेब, काय झालं?"

"चार आठवड्यांनी ठेवलंय."

"बरं," तो टोपी डोक्यावर घालत म्हणतो, "पण तुम्ही बोललात झकास. त्यो पलीकडचा पार गार पडला."